ओअरफिश दिसला म्हणजे भूकंप येणार?

"खोल समुद्रातला ओअरफिश वर आला, आता मोठा भूकंप!" पाटणकडे हा मेसेज फिरला की काळजात धस्स होतं. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना भूकंपाची पहाट ज्या घरांनी सोसली, तिथे ही भीती साहजिकच.

हा मासा चंदेरी, पट्ट्यासारखा लांब, डोक्यावर लाल तुरा. राहतो साधारण २०० ते १००० मीटर खोलीवर, पण तळाशी नव्हे, मधल्या पाण्यात. वर येतो तो बहुधा आजारी किंवा मरणाला टेकलेला. जपानमध्ये खोल पाण्यातल्या माशांच्या ३३६ नोंदी २२१ भूकंपांशी ताडून पाहिल्या. मेळ बसला एकदाच.

कोयना परिसरात छोटे धक्के वरचेवर बसतात, त्यामुळे कुठल्याही तारखेनंतर एखादा सापडतोच. म्हणून मासा न दिसता बसलेले धक्केही मोजून बघा.