हवामान बदल आणि बालसंरक्षण : बांगलादेशातील विकासकार्य

पूर, चक्रीवादळे, जमिनीत व पाण्यात शिरणारा खारेपणा, उष्णतेच्या लाटा आणि त्यांच्या मागोमाग होणारी स्थलांतरे यांपासून मुलांचे जीव, आरोग्य आणि शिक्षण वाचवण्यासाठी सरकारी खाती, स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि आंतरराष्ट्रीय मदतसंस्था मिळून काम करतात. विकासक्षेत्रात या कामाला स्वतंत्र ओळख अलीकडच्या काळात मिळाली. बांगलादेशात मात्र ते त्याला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. मुलाला मरणातून वाचवणे आणि त्याचे बालपण वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्यात आलेले यश दुसऱ्यात आपोआप उतरत नाही, हे तिथल्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बांगलादेशाचा विचार केला आहे.

वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक पाणी पिते आणि अधिक हवा आत घेते. त्यामुळे दूषित पाण्याचा किंवा धुराचा मारा त्याच्यावर जास्त होतो, आणि वाढीच्या वयात अतिसाराने किंवा कुपोषणाने झालेली झीज पुढे पुरती भरून निघत नाही. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारे पाणी दोन वर्षांच्या मुलाच्या छातीशी येते. युनिसेफने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलांपुरता हवामान-जोखीम निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यानुसार जगातील सुमारे २२० कोटी मुलांपैकी जवळजवळ १०० कोटी मुले अत्यंत उच्च जोखमीच्या ३३ देशांत राहतात. या ३३ देशांचा जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातील एकत्रित वाटा अवघा ९ टक्के होता. या क्रमवारीत बांगलादेश १५व्या आणि भारत २६व्या स्थानी होता. युनिसेफच्याच २०१९ मधील एका अहवालानुसार बांगलादेशातील सुमारे १ कोटी ९० लाख मुलांना हवामानाच्या आपत्तींचा थेट धोका असून त्यांपैकी सुमारे १ कोटी २० लाख मोठ्या नद्यांच्या काठी आणि सुमारे ४५ लाख किनारपट्टीवर राहतात.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर आणि मेघना नदीच्या मुखाशी गाळाने तयार झालेल्या ‘चर’ भूमीवर चक्रीवादळाने उसळलेला समुद्र शिरला आणि ३ ते ५ लाख माणसे दगावली. नंतरच्या पाहणीत मृतांपैकी निम्म्याच्या आसपास दहा वर्षांखालची मुले असल्याचे आढळले. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांवर झाडाच्या बुंध्याला रात्रभर मिठी मारून राहिल्याने सोलवटल्याच्या जखमा होत्या. तेवढा वेळ झाड धरून ठेवण्याचे बळ लहान हातांत नव्हते. या आपत्तीनंतर १९७२ मध्ये रेड क्रॉस (आजची बांगलादेश रेड क्रिसेंट सोसायटी) आणि सरकार यांनी चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. गावातलेच स्वयंसेवक इशाऱ्याची पातळी वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवतात, हाताने फिरवायचा भोंगा वाजवतात आणि कर्णा घेऊन दारोदार जातात. आज या स्वयंसेवकांची संख्या ७६,००० च्या आसपास असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

२९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात पुन्हा सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली, आणि त्यानंतरच्या अभ्यासाने पुढच्या धोरणाची दिशा ठरवली. पाहणी केलेल्या वस्त्यांमध्ये जे पक्क्या इमारतीपर्यंत पोहोचू शकले नाहीत त्यांच्यापैकी २२ टक्के मेले, आणि जे पोहोचले ते सगळे वाचले. मृत्यूचे प्रमाण दहा वर्षांखालच्या मुलांत आणि चाळिशीपुढच्या स्त्रियांत सर्वाधिक होते. पुढे निवारे वाढले. त्यांतले बरेच खांबांवर उभारलेल्या शाळा आहेत: तळमजला मोकळा आणि वर्ग वरच्या मजल्यावर. मूल रोज ज्या जिन्याने वर्गात जाते त्याच जिन्याने वादळाच्या रात्री त्याचे कुटुंब वर चढते, यात मोठे शहाणपण आहे. परकी इमारत वादळात शोधावी लागत नाही. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ येण्यापूर्वी बांगलादेशाने सुमारे २४ लाख लोकांना हलवले आणि मृतांची संख्या दोन आकडी राहिली. या घटीमागे पैसा आणि उपग्रह आहेत हे खरेच. पण शेजारच्या घराचे दार ठोठावणारा ओळखीचा माणूस नसता, तर ती शक्य झाली नसती.

वादळातून वाचलेली सगळीच मुले पुढे सुखरूप राहतात असे मात्र नाही. बांगलादेशात लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण बुडणे हे आहे. २०१६ च्या राष्ट्रीय आरोग्य व इजा पाहणीनुसार वर्षाला सुमारे १४,५०० मुले, म्हणजे दिवसाला जवळजवळ ४०, बुडून मरत होती. त्यांतले सर्वाधिक बळी एक ते चार वर्षांचे असतात, आणि ते पुरात वाहून जात नाहीत, घरामागच्या तळ्यात जातात. हे सगळे मृत्यू हवामान बदलाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. तरी दोन्हींचा संबंध जवळचा आहे. पुरापासून घर उंच राहावे म्हणून कुटुंब अंगणालगतची माती खणून जोते भरते आणि त्या खड्ड्याचे तळे होते, ज्याला तिथे ‘पुकुर’ म्हणतात. पूर वाढतील तसे जोते वाढते आणि पाणी दाराजवळ येते. सकाळी ९ ते दुपारी १ ही वेळ सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा बाप शेतावर, मोठी भावंडे शाळेत आणि आई चुलीशी किंवा पाण्यावर असते.

यावर काढलेला उपाय साधा आहे आणि म्हणूनच विलक्षण आहे. ढाक्यातील सेंटर फॉर इंज्युरी प्रिव्हेन्शन अँड रिसर्च या संस्थेने गावोगावी ‘आँचल’ नावाची बालसंगोपन केंद्रे सुरू केली. बंगालीत आँचल म्हणजे पदर. गावातल्याच एका बाईच्या घरी वीस-पंचवीस मुले याच चार तासांत सांभाळली जातात, गाणी म्हणतात, हात धुवायला शिकतात; दाराला बुटके फाटक असते. त्या बाईला ‘आँचल-मा’ म्हणतात. या केंद्रांत येणाऱ्या मुलांमध्ये बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासांत दिसले. थोड्या मोठ्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा कठडा बांधून पोहणे शिकवले जाते. बांगलादेश आणि आयर्लंड यांच्या पुढाकाराने एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्याच्या प्रतिबंधावर ठराव केला आणि २५ जुलै हा त्यासाठीचा जागतिक दिन ठरवला.

पिण्याच्या पाण्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवा. तळ्यातले गढूळ पाणी पिऊन अतिसाराने मुले मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि इतरांच्या मदतीने देशभर हातपंपांच्या कूपनलिका बसवण्यात आल्या. हेतू निखळ होता आणि जंतूंपासून संरक्षण मिळालेही. पण त्या भूजलात नैसर्गिक आर्सेनिक होते. ते १९९३ मध्ये उघड झाले, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. पाण्यात जंतू आहेत का एवढेच तपासले गेले होते. आर्सेनिकची तपासणी त्या काळच्या नेहमीच्या पद्धतीत नव्हती. पुढे लाखो पंप तपासून सुरक्षित पंपांना हिरवा आणि विषारी पंपांना लाल रंग दिला गेला. बाहेरून आणलेला उपाय गावभर पसरण्याआधी त्याची सर्व बाजूंनी परीक्षा व्हायला हवी, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे.

आता किनारपट्टीत त्याच पाण्यात मीठ चढते आहे. २५ मे २००९ च्या आइला चक्रीवादळात खुलना जिल्ह्यातील डाकोप आणि कोयरा या उपजिल्ह्यांचे मातीचे बांध फुटले, भरतीचे पाणी महिनोन्‌महिने आत-बाहेर करत राहिले आणि कित्येक कुटुंबे बांधाच्या माथ्यावर झोपड्या घालून राहिली. खारेपणाचे खापर एकट्या समुद्रावर फोडता येत नाही: कोळंबीच्या तळ्यांसाठी मुद्दाम आत घेतलेले खारे पाणी आणि उन्हाळ्यात घटलेला नद्यांचा गोडा प्रवाह हीही कारणे आहेत. डाकोपमध्ये झालेल्या एका अभ्यासात कोरड्या ऋतूत नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम पोटात जात असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसभराच्या सर्व आहारासाठी मिळून २ ग्रॅमहून कमी अशी आहे. त्याच ऋतूत गरोदर स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळला, म्हणजे हानी मूल जन्मण्याआधीच सुरू होते. घरी गोडे पाणी आणण्याचे काम बहुधा बाईचे आणि मुलीचे असते. कमरेवर कळशी घेऊन लांबच्या तळ्यावर गेलेली मुलगी पहिल्या तासाला वर्गात नसते, आणि हजेरीपटावर त्याचे कारण कोणी लिहीत नाही. ढाका विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी युनिसेफच्या साहाय्याने पावसाचे व तळ्याचे पाणी वाळूतून गाळून खाऱ्या भूस्तरात सोडण्याची पद्धत येथे राबवली. जमिनीखाली गोड्या पाण्याचा साठा होतो आणि तो कोरड्या दिवसांत हातपंपाने उपसता येतो. गाळणी वेळेवर साफ केली नाही तर ती तुंबते, त्यामुळे देखभाल करणारा गट टिकला तरच हा साठा टिकतो.

शाळांबाबत नाटोर, पाबना आणि सिराजगंज या जिल्ह्यांत पसरलेल्या चलन बिल या पाणथळ परिसरातील प्रयोग प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात हा भाग महिनोन्‌महिने पाण्याखाली असतो. मोहम्मद रेझवान या वास्तुरचनाकाराने स्थापन केलेल्या शिधुलाई स्वनिर्भर संस्थेने २००२ मध्ये पहिली तरंगती शाळा सुरू केली. सपाट तळाची, बांबूच्या छताची ही होडी काठाकाठाने फिरून तीसेक मुलांना घेते, एका जागी थांबते, वर्ग भरतो आणि मग मुलांना त्यांच्या त्यांच्या घाटावर सोडून ती दुसऱ्या तुकडीकडे जाते. छतावरच्या सौर पॅनेलवर दिवे आणि संगणक चालतात. ब्रॅक या संस्थेनेही हाओर प्रदेशात, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या ईशान्येकडच्या खोलगट भागात, अशा शाळा चालवल्या. उष्णतेवर मात्र होडीचा उपयोग नाही. एप्रिल २०२४ मधील लाटेत देशभरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वर्षी हवामानाच्या घटनांमुळे जगातील ८५ देशांत किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित झाले, असे युनिसेफने नोंदवले.

शेत गेले की कुटुंब ढाक्याला जाते. तिथल्या झोपडपट्टीत मुलगा कारखान्यात किंवा वीटभट्टीवर लागतो आणि मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. २०१९ च्या बहुनिर्देशक पाहणीनुसार बांगलादेशात २० ते २४ वयाच्या ५१ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. याचे मूळ गरिबीत आणि हुंड्यात आहे. आपत्तीने ते बळावते. मराठवाड्यातील दुष्काळी गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे याच प्रश्नावरचा एक उपाय आहेत: आईबाप गेले तरी मूल गावच्या शाळेत राहावे. बांगलादेशात कुटुंबे हंगाम संपल्यावर परततीलच असे नसते, त्यामुळे तिथे हा मार्ग पुरेसा पडत नाही आणि शहरातल्या वस्तीतच शाळा आणि बालसंरक्षण समिती न्यावी लागते.

कायद्याच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिता हा आधार आहे. २०१९ मध्ये भारतासह विविध देशांतील १६ मुलांनी हवामानाबाबत पाच देशांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. देशांतर्गत उपाय आधी करून पाहिले नाहीत म्हणून २०२१ मध्ये ती स्वीकारली गेली नाही, तरी आपल्या उत्सर्जनाने सीमेपलीकडच्या मुलांना होणाऱ्या हानीची जबाबदारी राष्ट्रांवर येऊ शकते, हे समितीने मान्य केले. ऑगस्ट २०२३ मध्ये समितीने पर्यावरण आणि हवामानाविषयी २६वे सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केले. पैशाचे चित्र याहून निराशाजनक आहे. युनिसेफ, प्लॅन इंटरनॅशनल आणि सेव्ह द चिल्ड्रेन सहभागी असलेल्या आघाडीच्या २०२३ मधील अभ्यासानुसार प्रमुख बहुपक्षीय हवामान निधींच्या रकमेपैकी केवळ २.४ टक्के रक्कम मुलांच्या गरजांचा विचार करणाऱ्या प्रकल्पांना गेली. धरण, बांध आणि वीज यांना निधी मिळतो आणि त्यांचा लाभ मुलांनाही होईल असे गृहीत धरले जाते. २०२० च्या जुलैत वेगळे घडले: जमुनेच्या (ब्रह्मपुत्रेच्या बांगलादेशातील प्रवाहाच्या) पुराचा अंदाज येताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून ५२ लाख डॉलर पूर शिखरावर पोहोचण्याआधी सोडण्यात आले, आणि काही कुटुंबांच्या हातात पाणी चढण्याआधी रोख रक्कम होती.

बहुतेक परदेशी प्रकल्प तीन ते पाच वर्षांचे असतात, तर एक वर्षाचे मूल पोहायला शिकण्याच्या वयाचे व्हायलाच पाच वर्षे लागतात. आँचल केंद्रे सुरुवातीला बहुतांशी देणगीच्या पैशावर चालत. प्रकल्प संपला की केंद्र बंद पडे, आणि बाई गावातच असूनही मुले पुन्हा तळ्याकाठी फिरू लागत. २०२२ मध्ये बांगलादेश सरकारने १६ जिल्ह्यांत ८,००० केंद्रांतून एक ते पाच वर्षांच्या सुमारे २ लाख मुलांना सांभाळण्याचा प्रकल्प मंजूर केला आणि तो महिला व बालविकास मंत्रालयाकडे सोपवला. त्यानंतर आँचल-मा परदेशी देणगीदाराच्या हिशेबातून बहुतांशी निघून सरकारी अंदाजपत्रकात आली.