स्टोइकांकडून काय घेतले, काय सोडले

आत्मसंयमासाठी ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचे, त्यातही स्टोइकांचे (विवेकाने भावनांवर ताबा मिळवायला शिकवणाऱ्या, अथेन्समध्ये उगम पावलेल्या प्राचीन पंथाचे), दाखले आज सर्रास दिले जातात. ते थेट अथेन्सहून आलेले नाहीत, मानसोपचारामार्गे आले आहेत. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका मानसशास्त्रज्ञाने आणि १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एका मनोविकारतज्ज्ञाने, विचार बदलले की भावना बदलतात या पायावर उपचारपद्धती उभ्या केल्या. दोघांनीही स्टोइकांचे ऋण मान्य केले. माणसाला घटना नव्हे, घटनांविषयीची मते अस्वस्थ करतात, हे गुलामगिरीतून सुटलेल्या एका शिक्षकाचे म्हणणे रुग्णांना ऐकवले जाऊ लागले.

वाद आहे तो त्यांनी काय सोडले यावर. रात्री दिवसाचा हिशेब घेणे, नुकसान आधीच मनात रंगवून पाहणे, हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करणे ही तंत्रे टिकली. सारे विश्व विवेकाने, ईश्वरी योजनेने चालते ही श्रद्धा मात्र गळली. मूळ पंथात हाताबाहेरचे सोडून देता येत होते ते बऱ्याच अंशी याच भरवशावर. रुग्णाला बरे वाटायला विश्वरचना कशाला हवी, हा उपचारकांचा बचाव रास्तच आहे. यशाच्या पुस्तकांना तो लागू पडत नाही. गेल्या दशकभरातल्या अशा कित्येक पुस्तकांनी स्टोइकांच्या शहाणपण, न्याय, धैर्य, संयम या चार सद्गुणांतला न्यायही वगळला; संयम आणि धैर्य तेवढे ठेवले, तेही पहाटेचा गजर आणि थंड पाण्याच्या आंघोळीपुरते. युद्धछावणीतही टिपणे लिहिणाऱ्या रोमन सम्राटालाही पहाटे अंथरूण सोडवत नसे. उठायचे ते माणसाचे काम करायला, असे तो स्वतःला बजावतो, आणि ते काम म्हणजे इतरांसाठी झटणे.

स्टोइकांच्याही आधीचा, आत्मसंयमाविषयीचा झगडा थोडक्यात सांगता येतो. जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही, असे सॉक्रेटिसचे मत. ॲरिस्टॉटलला ते दिसणाऱ्या वास्तवाशी विसंगत वाटले. मोहाशी झुंजून जिंकणारा आणि ज्याला तो मोहच होत नाही असा, हे दोघे त्याने वेगळे केले आणि दुसऱ्याला वरचे स्थान दिले.

ही विभागणी पुन्हा महत्त्वाची ठरली ती इच्छाशक्ती वापरली की संपते, या १९९८च्या सिद्धांतामुळे. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्याआधी, २०१२च्या एका जर्मन पाहणीत, ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता त्यांना मोहाशी झुंजावे लागण्याचे प्रसंगच कमी आलेले दिसले होते; ॲरिस्टॉटलने वर ठेवलेला माणूस तो हाच.