ड्रॉपरचं शाईपेन कोकणात इतकं का टिकलं?

शाई ओढून घ्यायची कुठलीच यंत्रणा नसलेलं पेन आज कॉलेजातल्या पोराच्या हातात दिलं, तर तो ते उघडून बघतो आणि विचारतो, ‘यातलं रिफिल कुठे गेलं?’ रिफिल नसतंच. एक पोकळ नळी, पुढे निब, निबेखाली जीभ, वर टोपण. पुढचा भाग आटे फिरवून काढायचा, ड्रॉपरने शाई थेट नळीत सोडायची आणि घट्ट बसवायचं. नळी हीच टाकी. शंभर-दीडशे रुपयांच्या आत असली साधी प्लॅस्टिकची पेनं अजूनही मिळतात.

अमेरिकेत ही रचना पहिल्या महायुद्धानंतर जुनाट ठरली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही कित्येक दशकं रोजच्या वापरात राहिली आणि कोकणात तर शाळा, कचेरी, मुंबईची पत्रं हे सगळं तिच्याच जिवावर चाललं. स्वस्त होतं म्हणून टिकलं, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं कारण इथल्या हवेत आहे, आणि गंमत अशी की पुढे ते पेन मागे पडलं तेही बरंचसं हवेपायीच.

कोकणात लिहिण्याचं काम आधीपासूनच दांडगं. खोती, कुळं, आगरं, भाऊबंदकी आणि त्यातून निघालेले दावे. इथल्या जुन्या घरांत कागदांची पेटी असते ती उगाच नाही. त्यातले जुने कागद मोडीतले, बोरूने लिहिलेले. बोरू चाकूने तासायचा, टोकाला तिरका छेद द्यायचा, दौतीत बुडवायचा, आणि ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती झटकायची. शाई काजळाची. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, त्याचा रंग उडत नाही. वाळवीने खाल्ले नसतील तर ते कागद आजही काळेभोर दिसतात. इंग्रजी अमलात टाक आला. त्याची पोलादी निब एकोणिसाव्या शतकात जवळजवळ सगळ्या जगाला बर्मिंगहॅमहून जायची. टाकाने अक्षर बारीक झालं, पण दर दोन-चार शब्दांनी दौतीकडे हात नेणं काही सुटलं नाही.

शाई पेनातच साठवावी ही कल्पना जुनी. साठवणं अवघड नव्हतं, हवी तेवढीच बाहेर सोडणं अवघड होतं. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते या सोडण्याच्या युक्तीचं. निबेखालच्या जिभेत त्याने एक खोबण ठेवली आणि खोबणीच्या तळाशी बारीक चिरा. शाई चिरांमधून केशाकर्षणाने (म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप सरकतो तशी) निबेपर्यंत येते आणि जेवढी गेली तेवढी हवा त्याच वाटेने नळीत शिरते. हवेला वाट कमी पडली तर पेन मध्येच कोरडं पडतं, जास्त झाली तर कागदावर तळं. (विम्याच्या कागदावर शाई सांडून गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून वॉटरमनने हा शोध लावला, अशी एक गोष्ट सांगतात. ती कंपनीच्या जाहिरातवाल्यांना बऱ्याच नंतर सुचलेली दिसते.) त्याची सुरुवातीची पेनं ड्रॉपरनेच भरायची होती. अंग एबोनाइटचं, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. शाईतलं आम्ल एबोनाइटचं काही वाकडं करू शकत नाही, आणि त्यावर आटेही छान पडतात.

भरताना बोटं निळी होतात, ही तक्रार तेव्हाही होतीच. तिच्यावर उपाय म्हणून पोटात रबराची पिशवी असलेली पेनं निघाली. वॉल्टर शेफरने १९०८ मध्ये अशा पेनाचं पेटंट घेतलं: बाजूची तरफ उचलली की आतली धातूची पट्टी पिशवी दाबते, सोडली की पिशवी शाई ओढून घेते. १९१२ पासून ती पेनं विकायला आली आणि पाहता पाहता तिकडे ड्रॉपर अडगळीत गेला.

आता ही पिशवी वेंगुर्ल्याला किंवा हर्णैला आणून बघा. पातळ रबर उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने आधी चिकट होतं, मग कडक होऊन तडकतं. पट्टीला खारी हवा लागली की गंज. आणि ती पिशवी बदलून देणारा कारागीर बसलेला मुंबईत. मधल्या काळात पेन खुंटीला. ड्रॉपरच्या पेनात सडायला रबर नाही, गंजायला पट्टी नाही. निब आणि जीभ ओढून काढता येते, पाण्याने धुता येते, ब्लेडचा तुकडा चिरेतून फिरवून अडकलेला कचरा काढता येतो. दुरुस्तीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. दमट किनाऱ्यावर हे पेन टिकलं ते या साधेपणामुळे, असं माझं मत.

मालाला इथे कारखाना नव्हता. देशी पेनांची गाजलेली सुरुवात दूर आंध्रात, राजमहेंद्रीला झाली. तिथल्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३०च्या दशकात एबोनाइटची पेनं घडवायला घेतली, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र पाठवून पेन वापरून पाहिल्याचं, ते चांगलं असल्याचं कळवलं. कोकणाला त्याहून जवळची गोष्ट आहे शाईची. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे फाउंटन पेनांसाठी ‘कॅमल’ शाई आली, आणि त्यातूनच कॅमलिन हे नाव. कंपनीचा कारखाना पुढे तारापूरला, म्हणजे उत्तर कोकणातच उभा राहिला.

पुडीचं महत्त्व आज लक्षात येत नाही. त्या वेळी दक्षिण कोकणात माल यायचा तो आगबोटीने नाहीतर घाटातून खडखडत. काचेची बाटली सुखरूप पोचेल याची खात्री कुणी द्यावी? शिवाय पावसाळ्यात आगबोटी बंद. पुडी खिशात मावते, पाण्यात कालवली की दौत तयार. शाळेतल्या टाकांना ती उत्तम. फाउंटन पेनाला मात्र ती बाधायची, कारण पूड पुरती विरघळली नाही तर गाळ जिभेच्या चिरेत बसतो आणि पेन अडतं. म्हणून पेन आलं तशी घराघरांत गाळलेल्या, तयार शाईची बाटलीही आली. अशी ६० मिलिलिटरची बाटली घेतली आणि पेनात ३ मिलिलिटर मावत असेल, तर वीसदा पेन भरतं. हल्लीच्या पेनांतल्या छोट्या काडतुसात, म्हणजे तयार शाईच्या बदलायच्या नळकांड्यात, एक मिलिलिटरसुद्धा शाई नसते. परीक्षेच्या तीन तासांत ड्रॉपरचं पेन संपत नाही, ही त्याची मोठी ऐट.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं आली आणि देशी पेनवाल्यांना बाजार मोकळा झाला. मुंबईतल्या छोट्या कारखान्यांतून साच्यात ओतलेली प्लॅस्टिकची पेनं निघू लागली, तेव्हा ड्रॉपरचं पेन खऱ्या अर्थाने गरिबाघरी पोचलं. एबोनाइटची कांडी लेथवर फिरवून घडवायला कारागीर लागतो. साच्यातून एका फटक्यात नळ्या निघतात. आत पिशवी बसवायची नाही, तरफ नाही, त्यामुळे किंमत आणखी खाली. ही पेनं गावी यायची ती बहुतेक चाकरमान्यांच्या ट्रंकेतून, गणपतीला. गिरणीत खातं सांभाळणारा काका भाच्या-पुतण्यांना पेन आणायचा, आणि वर बजावायचा, ‘आता पत्र तूच लिवायचं. आयेक लिवता येना नाय.’ मनीऑर्डर पोचली, गाय व्याली, पन्हळ फुटली, बाबल्याक ताप इलो. सातवीतल्या पोराच्या अक्षरात हे सगळं परळ-लालबागच्या खोल्यांत जायचं.

शाळेतला व्यवहार तर याहून रंगतदार. शाई संपली की शेजाऱ्याकडे ‘दोन थेंब दे’ म्हणायचं, तो बाकावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर थेंब टाकायचा आणि आपण जीभ टेकवून ते चोखून घ्यायचे (पेनाची जीभ, अर्थात). आटे अडकले की दातात धरून पिळायचं; मग दिवसभर ओठ निळे. डाग पडला तर टीपकागद कुणाकडे? खडूचा तुकडा त्यावर आडवा धरला की खडू शाई पिऊन घ्यायचा. निबेला जास्त शाई आली तर डोक्याच्या केसांना पुसायची. पुढचा भाग गळायला लागला तर आट्यांवर दोऱ्याचे दोन वेढे किंवा मेणबत्तीचं मेण. आज याच कामाला सिलिकॉन ग्रीस आणि रबरी चकती वापरतात. जपानी काडतुसाची पेनंसुद्धा लोक तसं करून ड्रॉपरची करून घेतात.

गळण्याचं कारण मात्र आट्यांत नेहमी नसतं, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नळी भरलेली असते तोवर पेन शहाण्यासारखं वागतं. शाई तिसऱ्या हिश्शावर आली की नळीत हवा जास्त होते. मुठीतल्या ऊबेने ही हवा फुगते आणि समोरची शाई जिभेतून ढकलते. थोडीफार वाढीव शाई जिभेवरच्या बारीक खाचांमध्ये थोपते, त्यापुढची निबेवरून टपकते. एबोनाइट जाड असतं, उष्णता हळू पोचवतं; स्वस्त प्लॅस्टिकची भिंत पातळ, तिला ऊब लगेच जाणवते. म्हणजे शर्टाच्या खिशावरचा तो प्रसिद्ध निळा डाग बहुतेकदा पेन भरलेलं असताना पडत नाही, रिकामं होत आलं की पडतो. आपण मात्र शाई वाचवायला पेन अर्धंच भरायचो.

निबेचंही सांगायला हवं. कोर्टाच्या, जमिनीच्या कागदांना पक्की निळी-काळी शाई लागायची. तिच्यात लोहाचा क्षार आणि टॅनिन. लिहिताना फिकी, हवा लागली की काळी होत जाते, मग पाण्याने जात नाही. पण ती आम्लधर्मी. साध्या पोलादाची निब तिने खाल्ली, उरलेली समुद्राच्या हवेने. मोठ्या वकिलांनी सोन्याची निब वापरली ती केवळ मिरवायला नव्हे. सोन्याला आम्ल लागत नाही. सर्वसामान्यांचा प्रश्न स्टेनलेस स्टीलने सुटला. टोकाला कठीण धातूचा बारीक ठिपका जोडलेली स्टीलची निब आली तेव्हा स्वस्त पेन वर्षानुवर्षं चालू लागलं.

मुलांना मिळायची ती धुतल्यावर जाणारी निळी शाई, आणि इथेच पाऊस आडवा आला. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैमध्ये कागदच ओलसर असतो. त्यावर शाई ठेवली की अक्षराला मुळं फुटतात. वाळायला वेळ लागतो, हाताच्या कडेने ओळ फासली जाते. पोस्टमन चिखल तुडवत वाडीवर पोचेपर्यंत पत्त्याचा निळा ओघळ झालेला असायचा. सावध माणसं पोस्टात टाकायच्या आधी पत्त्यावरून मेणबत्ती फिरवत.

बॉलपेनाने नेमकी ही जागा गाठली. हंगेरीच्या लास्लो बिरोने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानात ते साडेबारा डॉलरला विकलं गेलं, आणि १९५० पासून फ्रान्सच्या बिकने ते सगळ्यांच्या आवाक्यात आणलं. त्यातली शाई तेलकट, घट्ट. ओल्या कागदावर फुटत नाही, पावसाने धुपत नाही, कार्बन पेपर ठेवून दाबून लिहिता येतं. तलाठ्याला आणि पोस्टमास्तरला आणखी काय हवं? शाळांनी मात्र दार बराच काळ लावून धरलं. ‘बॉलपेनाने अक्षर बिघडतं’ हे मास्तरांचं म्हणणं निव्वळ हेका नव्हता. शाईपेनाला दाब लागत नाही, ते ठरावीक कोनातच चालतं, त्यामुळे हात आपोआप बेतात राहतो. बॉलपेन कसंही धरलं तरी उठतं आणि मुलं कागद कोरत बसतात. पण पावसाळ्यात भिजलेल्या दप्तरातली वही बघितलेल्या पालकाला हा युक्तिवाद कितपत पटणार! १९८०च्या दशकात स्वस्त बॉलपेनं दुकानादुकानांत आली आणि दार निघालं.

त्याच सुमारास पत्रंही आटली. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईची मनीऑर्डर आणि तिच्यासोबतचा पत्रव्यवहार खिळखिळा केला, मग एसटीडीचे बूथ आले. ज्या कामासाठी घरात शाईची बाटली ठेवायची, ते कामच उरलं नाही.

हल्ली काही जणांनी ही पेनं पुन्हा हातात घेतली आहेत. आवड म्हणून, किंवा रोज एक बॉलपेन फेकायचा कंटाळा आला म्हणून. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पावसात न उतरणारी रंगद्रव्याची शाई घ्यायची तर त्या पेनाने रोज लिहायची तयारी हवी. ती जिभेत वाळली की पाण्याने निघता निघत नाही. आणि जूनपासून नळी तिसऱ्या हिश्शावर आली की लगेच वरपर्यंत भरावी, टोपण घट्ट लावून पेन उभं ठेवावं, निब वर.