नाशिकचे कोकण नेमके कोणते?

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात ओवरीच्या भिंतीवर एक मोठा शिलालेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका अशा सहा नद्यांची नावे त्यात सलग येतात. क्षत्रप राजाच्या जावयाने या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर उतरण्याची व पाण्याची सोय केली, असे तो लेख सांगतो. पारदा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. यातल्या पार आणि दमणगंगा या दोघींचा उगम नाशिक जिल्ह्यातला. नानंगोल गावची 32,000 नारळाची झाडे दान दिल्याची नोंदही त्याच लेखात आहे. हे दान ज्या ठिकाणच्या मंडळींना पोचले त्यांत आपले नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारकातले, म्हणजे सोपाऱ्याचे, रामतीर्थ अशी दोन्ही नावे एकाच यादीत बसलेली आहेत. काही पावलांवरच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातल्या देशांची यादी आहे, तिच्यात 'अपरांत', म्हणजे कोकणचे जुने नाव, येते. समुद्र, नारळ आणि नावा नाशिकच्या दगडावर सुमारे एकोणीसशे वर्षांपासून कोरलेल्या आहेत.

मग 'कोकणात चाललो' म्हणताना नाशिककराच्या डोळ्यांपुढे गणपतीपुळे, मालवण आणि तारकर्लीच का येतात? ती ठिकाणे चारशे किलोमीटरच्या पुढची. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत उतरले की डहाणूचा समुद्र साधारण दीडशे किलोमीटरवर भेटतो. तरी त्याला कोणी कोकण म्हणत नाही, 'डहाणूला' किंवा 'बोर्डीला' जातो म्हणतात.

या शब्दाचा गुंता मोठा आहे. महसुली कोकण विभागात मुंबई, ठाणे आणि पालघरही येतात. हवामानाच्या अंदाजातले 'कोकण-गोवा' पालघरपासून सुरू होते. बोलण्यातले कोकण मात्र रायगडाच्या दक्षिणेला कुठेतरी चालू होते, आणि सिंधुदुर्गाकडच्यांना विचारले तर खरे ते तळकोकणच. आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण भागात कोकणा समाज आहे. त्यांच्या बोलीला कोकणी म्हणतात. गोव्याकडच्या कोकणीहून ती वेगळी. पूर्वज खालच्या पट्टीतून घाट चढून आले, असे ते सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावातच कोकण आहे ती माणसे घाटावर राहतात आणि ज्या किनाऱ्यावरून ती आली असे सांगतात, त्या किनाऱ्याचे नाव पुसट झाले आहे.

हे नाव दक्षिणेकडे सरकले कसे? थोडा वाटा जमिनीचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा, त्यावर हापूस आणि काजू, कडे थेट समुद्रात उतरलेले. पालघरकडे पट्टी रुंद आणि सपाट, भरती-ओहोटीत पाणी लांबवर आत-बाहेर करते, किनाऱ्याला सुरूची बने, मागे चिकूच्या वाड्या. चित्रातले कोकण असे दिसत नाही. पण मोठा वाटा निर्णयांचा आहे. 1960 साली राज्याची सीमा आखताना उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली आणि उरलेली डहाणू-तलासरीची पट्टी टोकाची, दोन भाषांच्या मधली होऊन बसली. वसई-विरार मुंबईच्या लोकलने गिळले. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, देशातला पहिलाच. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि तिची सुरुवात रोह्याला. रोह्याच्या उत्तरेचा किनारा त्या नावातून तिथेच सुटला. पर्यटनाचा पैसा, जाहिराती आणि न्याहारी-निवासाच्या योजना यानंतर त्या नावामागे गेल्या. सिंधुदुर्गाला ते मिळायलाच हवे होते. पण उत्तर किनाऱ्याला सोडून देण्याचे कारण आजवर कोणी नीट मांडलेले नाही, आणि नाशिकच्या बाजूने पाहिले तर हा अन्यायच वाटतो.

त्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. नालासोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये उकरला गेला, आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे याच गावात सापडले. वसईचा किल्ला, केळव्याची शीतलादेवी, बोर्डीचा शांत किनारा. घोलवडच्या चिकूला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. वारली चित्रे तर सगळ्यांनाच माहीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, ही मूळ रीत. वारली पाडे डहाणूपासून जव्हार, मोखाड्यातून थेट आपल्या त्र्यंबक-पेठपर्यंत लागतात. तारप्याच्या तालावर फेर धरणाऱ्यांना घाटमाथ्याची सीमा आड येत नाही.

पाणीही तसेच. इगतपुरीत 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात 700 च्या आसपास. सुरगाणा-पेठचा पाऊस नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला जातो आणि वैतरणा तर त्र्यंबकजवळच उगम पावते. गिरणा आणि गोदावरीकडे हे पाणी वळवण्याच्या योजना गेली कित्येक वर्षे चर्चेत आहेत. सभांमध्ये त्याला 'समुद्रात वाया जाणारे पाणी' म्हणतात. खाडीच्या तोंडाशी मासे धरणाऱ्याला ते वाया गेलेले वाटत नाही.

डहाणूचे सध्याचे भांडण मात्र समुद्राचे आहे. 20 जून 1991 ला केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांसाठी 500 एकरांची मर्यादा घातली, भोवती 25 किलोमीटरचा पट्टाही बांधून दिला. त्याआधी मंजूर झालेले औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, पण चिकूच्या वाड्या आणि मासेमारी टिकली ती या अधिसूचनेमुळे. तिथेच वाढवणला सुमारे 76,000 कोटींचे बंदर 2024 मध्ये मंजूर झाले आणि त्याच ऑगस्टात पायाभरणीही झाली. मच्छीमार आणि बागायतदार अनेक वर्षे विरोधात उभे आहेत. बंदराचा माल समृद्धी महामार्गाला मिळावा म्हणून आखलेला रस्ता इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला येऊन टेकतो. आता नाशिकला या किनाऱ्याकडे पाठ फिरवून बसता येणार नाही, कारण त्याचे ट्रक आपल्या दारावरून जाणार आहेत. वाढवणच्या आसपासच्या गावांत अजून वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. पावसाळ्याच्या तोंडावर घाटावरच्या बाजारात सुके बोंबील घ्यायला झुंबड उडते, तेव्हा ते कुठल्या किनाऱ्याचे, हे विचारून पाहावे.