तालमींच्या बडोद्यात मुलांची वजनं का वाढली?

बडोद्याच्या मराठी घरांत एकेकाळी मुलगा संध्याकाळी तालमीत गेला नाही तर त्याची विचारपूस व्हायची. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव पोरांना घडवत. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही १९३६ पासून याच गावातून निघू लागला.

त्याच गावात आज चौदा-पंधराव्या वर्षी पोट सुटलेली मुलं दिसली की मोठी माणसं ‘आळशी झालीत’ म्हणून मोकळी होतात. हा मुलांवर अन्याय आहे. त्यांच्या भोवतीचं सगळं आधी बदललं, वजनं नंतर वाढली.

मुळात आपली शरीरंच टंचाईत घडलेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्यांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणूनच प्रौढ भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. बारीक दिसणारा मुलगाही यातून सुटत नाही.

अशा शरीरांपुढे १९९१ नंतर भरलेली ताटं आली. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल फरसाणाच्या कढईपासून बिस्किटांच्या कारखान्यापर्यंत पोचलं. माझ्या मते या कहाणीतलं हे सर्वांत कमी बोललं जाणारं कारण. बडोद्याची शेव-उसळच घ्या. वाटाण्याची उसळ, वर तर्रीचा लाल तवंग, मूठभर शेव, सोबत पाव. शेव मऊ पडली की पुन्हा वरून शेव. कधीतरी खाल्ली तर काही बिघडत नाही. पण क्लासला जाता-येता ती रोज पोटात जाते, वर कोल्याची बाटली. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे.

दरम्यान गावही पसरलं. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, कारखाने वाढले, माणसं पोळांतले, म्हणजे जुन्या गल्ल्यांतले, वाडे सोडून मांजलपूर, कारेलीबागेकडे राहायला गेली. शाळा व्हॅनने, क्लास स्कूटरने. दहावी जवळ आली की घरातलेच म्हणतात, ‘आता खेळणं पुरे.’ मुलींचं खेळणं तर त्याच्याही आधी सुटतं. नवरात्रातला गरबा काही वर्षभर पुरत नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, रात्रीची झोप कमी झाली, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. २०२० च्या टाळेबंदीत उरलंसुरलं मैदानही गेलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या जादा वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रिया २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के, पुरुष ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर. जगभर ५ ते १९ वयोगटातला लठ्ठपणा १९९० मध्ये २ टक्के होता, २०२२ मध्ये ८ टक्के.

शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकायला बंदी घालणारे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये काढले. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं. दोन्ही पावलं चांगली आहेत, पण दोन्ही शाळेपाशी थांबतात. क्लासच्या दारापाशी मुलांचे दोन-तीन तास जातात, आणि तिथे यातलं काहीच लागू होत नाही.