‘पीक’ आणि पीक

विंबल्डनचा पंधरवडा आमच्या गोव्यात ऐन पावसात येतो. वीज जाते-येते, अर्धा सेट दिसतो, अर्धा हुकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळभाजी-पाव खाताना लोक त्या हुकलेल्या अर्ध्यावरच जास्त बोलतात. दरवर्षी कुणीतरी एक जण पाव भाजीत बुडवत ठामपणे सांगतोच, “फेडररचं पीक २००६. उपरांत ताचो खेळ सोंपलो.”

माझी तक्रार २००६ या आकड्याबद्दल नाही, ‘पीक’ या शब्दाबद्दल आहे. इंग्रजीतलं ‘पीक’ म्हणजे शिखर. आपलं पीक म्हणजे शेतात उभं राहतं ते. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, आणि टेनिसच्या गप्पांत त्यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कुठल्या वर्षी किती करंडक घरी नेले ते मोजायचं आणि तोच आपला सर्वांत चांगला खेळ म्हणून मोकळं व्हायचं. करंडक हे पीक. शिखर ही खेळाची उंची. पीक कसणाऱ्याच्या हातात असतं तेवढंच पावसाच्या हातात असतं, आणि खाडीकाठचं खाजन शेत असेल तर बांधाच्याही. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, तर त्या वर्षी शेतकरी शेती विसरला असं कुणी म्हणत नाही. टेनिसपटूबद्दल मात्र बिनदिक्कत म्हणतात.

किरकोळ गोंधळ आधी बाजूला सारतो. एका आठवड्याचा फॉर्म म्हणजे शिखर नव्हे. नालबांडियानने २००७ मध्ये माद्रिदला एकाच स्पर्धेत नदाल, जोकोविच आणि फेडरर या तिघांनाही हरवलं, म्हणून काही तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होत नाही. दुहेरीचा हिशेबही यात आणू नये. लिएंडर पेसचं मूळ गोव्यातलं, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव हटकून निघतं. ४२व्या वर्षी त्याने फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, बोपण्णा तर ४३व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. कौतुक आहेच. पण अर्धं मैदान सांभाळणं वेगळं आणि पाच सेट एकट्याने धावणं वेगळं.

आता खरी गल्लत. ती समजायला रॉड लेव्हरसारखं उदाहरण नाही, आणि नेमका तोच कुणाला आठवत नाही. १९६२ मध्ये त्याने एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकले. पीक म्हणाल तर यापेक्षा भरघोस असूच शकत नाही. पण त्या काळी या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणारे रोझवॉल, होड, गोन्झालेस यांना तिथे दारच बंद होतं. पुढच्या वर्षी लेव्हर स्वतः व्यावसायिक झाला आणि सुरुवातीला रोझवॉल-होडकडून हरतच राहिला. म्हणजे चार ग्रँड स्लॅम हातात असलेला माणूस त्या घडीला जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू नव्हता. मग त्याने खेळ घासूनपुसून असा उंचावला की काही वर्षांत व्यावसायिकांमध्ये त्याला तोड उरली नाही. १९६८ मध्ये दारं सगळ्यांना उघडली आणि १९६९ मध्ये, एकतिशीत, त्याने पुन्हा चारही जिंकले. मधल्या पाच वर्षांत त्याच्या नावावर ग्रँड स्लॅम किती? शून्य. कारण तो तिथे खेळूच शकत नव्हता. शिखराची चढण त्याच पाच वर्षांत होती आणि पिकाच्या वहीत ती पानं कोरी आहेत. नुसते आकडे मोजणाऱ्यांनी ही पाच वर्षं कुठे बसवायची ते मला सांगावं.

या उजेडात फेडररकडे पाहा. २००४ ते २००७ या चार वर्षांत १६ पैकी ११ ग्रँड स्लॅम. २००६ मध्ये ९२ विजय आणि फक्त ५ पराभव. इथे दुसऱ्या बाजूची मंडळी उठून बसतात आणि म्हणतात, समोर होतं कोण? रॉडिक, ह्युइट. नदाल पोरगेला, जोकोविच तर नुकताच आलेला. ही तीच चूक आहे, फक्त उलटी करून घातलेली. पाऊस वेळेवर पडला म्हणून शेतकरी अडाणी ठरत नाही. समोरचे कच्चे असतील तर करंडक वाढतात, खेळाची उंची त्याने घटत नाही. ती पाहायची असेल तर पराभवांकडे पाहा. त्या ५ पराभवांपैकी ४ नदालकडून आले, आणि त्यातले ३ मातीवर. नदालचा डावखुरा टॉपस्पिन फेडररच्या बॅकहँडवर खांद्याच्या उंचीला उसळायचा आणि त्याला त्यावर उत्तर नव्हतं. २००६ चा फेडरर शिखरावर होता हे खरं, पण त्या शिखराला एक कडा ढासळलेला होता.

तो कडा बांधून निघाला २०१७ मध्ये. गुडघ्यामुळे सहा महिने घरी बसलेला ३५ वर्षांचा फेडरर परत आला. रॅकेटचं तोंड त्याने आधीच ९० वरून ९७ चौरस इंचांचं करून घेतलं होतं. तो बॅकहँड आता चेंडू वर चढण्याआधीच, सपाट आणि जोरात मारू लागला. ऑस्ट्रेलियातल्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना त्याने तो नदालच्या हातून काढला, आणि त्या वर्षी दोघांच्या चारही लढती जिंकल्या. पाय २००६ चे सरस, बॅकहँड २०१७ चा. एका माणसाची दोन शिखरं आणि दोन्हींमध्ये अकरा वर्षांची दरी. मला कुणी एकच निवडायला लावलं तर मी २००६ च घेईन, कारण पाय गेले की हातातली कला मैदानाच्या अर्ध्या भागापुरतीच उरते. पण “उपरांत खेळ सोंपलो” हे कुणी म्हटलं की माझी सकाळ बिघडते.

जोकोविचची गोष्ट याहून मजेशीर आहे. वर्षाला तीन ग्रँड स्लॅम हे पीक त्याने चार वेळा काढलं: २०११, २०१५, २०२१, २०२३. पीक मोजाल तर चारही सारखी. खेळ मोजाल तर अजिबात नाही. बहुतेक जण २०१५ निवडतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत: ८२ विजय, ६ पराभव, चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या. पण त्या वर्षी नदाल स्वतःचा खेळच हरवून बसला होता, आणि चौतिशीतल्या फेडररने तरीही जोकोविचला तीनदा हरवलं. माझं मत पक्कं आहे: उंची २०११ ची, तीही पहिल्या सहामाहीची. वर्षारंभापासून सलग ४१ सामने तो हरला नाही. ते थांबवलं कुणी, तर पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनला, फेडररने. आदल्या वर्षी तीन ग्रँड स्लॅम जिंकलेल्या नदालला त्याने त्या हंगामात सहा अंतिम सामन्यांत हरवलं, त्यांतले माद्रिद आणि रोमचे दोन मातीवर. मातीवर, नदालच्या अंगणात! २०२३ मध्ये फेडरर निवृत्त झालेला होता आणि नदाल जानेवारीनंतर दुखापतीमुळे खेळलाच नाही. छत्तिशीत तीन ग्रँड स्लॅम काढणं हा पराक्रमच, पण बारा वर्षांपूर्वीच्या पायांशी त्याची तुलना करू नये.

नदालबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबाबत वाद कमी. मातीवरचं शिखर २००८: पॅरिसला एकही सेट न गमावता, अंतिम सामन्यात फेडररला ६-१, ६-३, ६-०. हार्ड कोर्टवरचं २०१३. एकाच खेळाडूची मैदानागणिक वेगळी शिखरं असतात.

सर्वांत डोक्यात जाणारी गोष्ट वेगळीच आहे. आपला खेळाडू जिंकला की “पीकवर होता”, हरला की “पीक ओसरलं होतं”. मग पीकवर असताना तो हरणार तरी कसा? असा न्याय लावला तर प्रत्येक जण आपल्या शिखरावर अजिंक्यच. वयाचंही तेच. चोविशी-पंचविशी हे ठरीव शिखर मानणाऱ्यांनी वावरिंकाकडे पाहावं. त्याचा पहिला ग्रँड स्लॅम अठ्ठाविसाव्या वर्षी आला.

ताजं उदाहरण अल्काराझ आणि सिनरचं. २०२४ आणि २०२५ चे आठही ग्रँड स्लॅम या दोघांनी वाटून घेतले, प्रत्येकी चार. २०२५ च्या वसंतात सिनर तीन महिने बंदीमुळे बाहेर होता आणि अल्काराझने मॉन्टे कार्लो जिंकलं. मग पॅरिसच्या अंतिम सामन्यात समोर सिनरच उभा होता. ५ तास २९ मिनिटं खेळ चालला, आणि सामना हातातून जातोय असे तीन गुण वाचवून अल्काराझने तोही जिंकला. पिकाच्या वहीत हे दोन करंडक शेजारी शेजारी. उंचीच्या वहीत दुसरा पहिल्याच्या कितीतरी वर.

पाच आठवड्यांनी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात सिनरने त्याच अल्काराझला चार सेटमध्ये हरवलं. दुसऱ्या दिवशी भिजत हॉटेलात शिरलो, अजून पातळभाजी समोर यायची होती, तेवढ्यात पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला, “अल्काराझाचें पीक सोंपलें.”

पोरगा बावीस वर्षांचा होता.