गोडं पाणी आलं की चिंबोरीच्या कल्ल्यांत काय घडतं?

उन्हाळ्याच्या अखेरीस माहीमपासून गोराईपर्यंतच्या खाड्यांमधलं पाणी जवळजवळ समुद्राइतकंच खारं असतं, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. मग पाऊस लागतो. मिठी, दहिसर, उल्हास या नद्या दुथडी भरून येतात आणि खाडीचं पाणी मचूळ होत जातं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढं सगळं गोडं पाणी अखेर खाड्यांतूनच समुद्राला मिळालं. मासा पोहत खोल पाण्यात निघून जाऊ शकतो. तिवरांच्या मुळाशी, चिखलातल्या बिळात राहणारी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, मात्र बहुतेक वेळा आहे तिथेच राहते आणि जगते. हे तिला कसं जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

खाऱ्या पाण्यात चिंबोरीला फारसं काही करावं लागत नाही, कारण तिच्या रक्तातले क्षार आणि बाहेरचे क्षार जवळपास सारखेच असतात. बाहेरचं पाणी गोडं झालं की दोन संकटं एकदम येतात. पाणी शरीरात शिरू लागतं आणि क्षार बाहेर झिरपू लागतात. लघवीवाटे क्षार न गमावता नुसतं पाणी टाकणं आपल्या मूत्रपिंडाला जमतं, पण बहुतेक समुद्री खेकड्यांना जमत नाही. त्यांच्या लघवीतले क्षार रक्ताइतकेच असतात. त्यामुळे गेलेले क्षार परत मिळवायचे तर ते त्याच विरळ पाण्यातून ओढून घ्यावे लागतात. हे काम कल्ले करतात.

सगळे कल्ले नव्हे, आणि खरी गंमत इथेच आहे. पुढच्या कल्ल्यांचं अस्तर अगदी पातळ असतं, ते श्वासासाठी. मागच्या काही जोड्यांचं अस्तर मात्र जाड, सुमारे 10 ते 20 मायक्रॉनचं असतं, आणि त्यातल्या पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियम पंप खच्चून भरलेले असतात. हा पंप एका फेरीत तीन सोडियम पेशीबाहेर रक्तात ढकलतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्च करतो. आपल्या मज्जापेशींतही हाच पंप चालतो. त्याचा शोध लागला तोही खेकड्यामुळेच. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून तो मांडला आणि 1997 साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

पंपाच्या जोडीला कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून हायड्रोजन व बायकार्बोनेटचे आयन बनवतं, आणि त्यांच्या बदल्यात पेशी बाहेरच्या पाण्यातून सोडियम व क्लोराइड घेते. युरोपातला किनारी खेकडा लिटरमागे साधारण 32 ग्रॅम क्षारांच्या पाण्यातून 10 ग्रॅमच्या पाण्यात ठेवला, तर मागच्या कल्ल्यांत या विकराच्या जनुकाचे आरएनए संदेश, म्हणजे विकर बनवण्याच्या सूचनांच्या प्रती, सुमारे शंभरपट होतात. पुढच्या कल्ल्यांत जनुक तेच, डीएनए तोच, पण वाढ नगण्य.

हे जनुक एरवी गप्प का असतं? अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचे रेमंड हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेकड्यांच्या डोळ्यांचे देठ काढून पाहिले. पाणी खारंच ठेवलं, तरी कल्ल्यांतलं विकर वाढू लागलं. उलट, पाणी विरळ केलेल्या खेकड्यांना देठांचा अर्क टोचला, तेव्हा ती वाढ रोखली गेली. म्हणजे खाऱ्या पाण्यात देठातून येणारं काहीतरी या जनुकाला दाबून ठेवत असतं. पाणी गोडं झालं की तो दाब सुटतो. मला हे फार मोलाचं वाटतं. संकट आलं की शरीर एखादा हुकूम सोडतं, असं आपण सहज धरून चालतो. इथे उलट आहे. हुकूम सतत चालू असतो, तो थांबतो आणि जनुक कामाला लागतं. त्याच देठातून कात टाकणं आणि अंडी पिकणं रोखणारी संप्रेरकंही येतात. म्हणूनच कोळंबीच्या बीजकेंद्रांत मादीनं लवकर अंडी द्यावीत यासाठी तिचा एक डोळा काढण्याची क्रूर रीत पडली.

संदेश काही तासांत वाढतात, विकर मात्र पुरेसं तयार व्हायला काही दिवस लागतात. मधला काळ निभावायला पेशी स्वतःजवळचे ग्लायसीन, प्रोलीन असे अमिनो आम्लांचे साठे कमी करतात, म्हणजे आत शिरणारं पाणी आटोक्यात राहतं. शिवाय गोडं पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं, तळाचं पाणी आणि बिळातलं पाणी त्यामानानं खारं राहतं. चिखल आणि तिवरं शाबूत असतील तर चिंबोरीला सवड मिळते. भराव घालून ते बुजवले, तर जनुकांची ही तयारी होईपर्यंतचा आसराच जातो. खाडीकाठच्या बांधकामांवर बोलताना हा मुद्दा क्वचितच येतो, तो यायला हवा.

आणि हे सारं कसब मोठ्या चिंबोरीचं. नुकत्या फुटलेल्या पिल्लांना ते साधत नाही, त्यांना समुद्राचंच पाणी लागतं. म्हणून अंड्यांनी भरलेली मादी खाडी सोडून खोल समुद्राकडे जाते, तिथे पिल्लं सोडते. ती काही वेळा कात टाकून वाढली, की मग खाडीच्या तोंडाशी परततात.